आत्याच्या मानपत्रात एच-इंडेक्स लिहायचा का?

फुटाळा_काठ

नमस्कार मंडळी. विज्ञानवाल्यांची मदत पाहिजे. मी शाळेत मराठी शिकवतो, विज्ञानाशी संबंध बारावीतच सुटला.

माझी आत्या मॉलिक्युलर बायोलॉजिस्ट. सगळी नोकरी नागपुरातच झाली, संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पुढच्या महिन्यात तिची पंचाहत्तरी आहे. तिचे जुने विद्यार्थी शंकरनगरात कार्यक्रम करून राहिले, स्मरणिका निघणार आहे, मानपत्र देणार आहेत. मानपत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण घरात मराठीचा मास्तर मीच.

अडचण अशी की एका विद्यार्थ्यानं गूगल स्कॉलरवर (शोधनिबंध शोधायची साइट) तिचं पान बनवलं आहे. त्यावर शोधनिबंध ५८, सायटेशन्स (म्हणजे इतरांच्या निबंधांत आलेले उल्लेख) २,३४०, एच-इंडेक्स १९ असं दिसतं. आतेभाऊ बंगळुरूला आयटीत आहे. तो म्हणतो, हे आकडे पहिल्याच ओळीत ठळक टाक, लोकांना तेच समजतं. आयोजक म्हणतात, 'जागतिक कीर्तीच्या शास्त्रज्ञ' असं लिहा. आत्याला विचारलं तर ती हसते. म्हणते, "माझं तर सगळं मातीतच गेलं रे." ती मातीतल्या जिवाणूंवर काम करायची.

१९ म्हणजे चांगलं की साधारण? शिवाय ५८ पैकी एका निबंधाला एकट्यालाच ९१२ सायटेशन्स आहेत, बाकीचे त्याच्या आसपासही नाहीत. मग तोच तिचा सगळ्यात मोठा शोध समजायचा का? उगाच काहीतरी लिहून समोर बसलेल्या शास्त्रज्ञांपुढं हसं नको व्हायला.

खडूस_गणिती

एच-इंडेक्स १९ म्हणजे तुमच्या आत्यांचे १९ निबंध असे आहेत की प्रत्येकाचा उल्लेख इतरांनी किमान १९ वेळा केला आहे, आणि किमान वीस उल्लेखांचे वीस निबंध मात्र भरत नाहीत. एवढाच अर्थ. २००५ साली हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं ही युक्ती काढली.

चांगलं की साधारण, हे विषय सांगितल्याशिवाय सांगता येत नाही. जीवशास्त्रात प्रयोगशाळा भरपूर, निबंधाच्या शेवटी संदर्भांची यादी लांबलचक, त्यामुळे आकडे भराभर चढतात. आमच्या गणितात एकेका निबंधाला दहा-पंधरा संदर्भ असतात आणि वाचणारे जगात मोजके. आमच्यातला १९ आणि त्यांच्यातला १९ शेजारी ठेवू नका.

तुमचा ९१२ वाला निबंध या मोजणीत फक्त 'एक' धरला जातो. त्याला ९१२ ऐवजी २५ उल्लेख असते तरी एच-इंडेक्स १९च राहिला असता. आणि हा आकडा कधी खाली येत नाही. माणूस निवृत्त होऊन घरी भाजी निवडत बसला तरी वर चढत राहतो. मानपत्रात टाकायचाच असेल तर कोणत्या तारखेचा ते लिहा.

निवृत्त_ग्रंथपाल

मास्तर, मी याच शहरात ग्रंथपाल होतो. हा आकड्यांचा कारखाना कागदावर चालायचा तेव्हापासून मी तो पाहिला आहे, म्हणून जरा लांब लिहितो. घाई असेल तर शेवटचे दोन परिच्छेद वाचा.

फिलाडेल्फियाच्या गारफिल्ड यांनी १९६४ पासून सायन्स सायटेशन इंडेक्स छापायला सुरुवात केली. कोणी कोणाचा संदर्भ दिला याची ती सूची. जाडजूड खंड, अक्षर इतकं बारीक की भिंग घेऊन बसावं लागे. आमच्या ग्रंथालयाची ते घ्यायची ऐपत नव्हती, बघायचे तर मोठ्या संस्थेत जावं लागायचं. त्यात एक गंमत होती, जी आजच्या पोरांना माहीत नाही. ज्याचा संदर्भ दिला त्याची नोंद फक्त पहिल्या लेखकाच्या नावाखाली असायची. तुमच्या आत्याबाईंचं नाव निबंधावर दुसरं-तिसरं असेल तर त्या खंडांत त्यांना शोधणं म्हणजे पहिला लेखक कोण ते आधी आठवायचं, मग त्याच्या नावाखाली आपलं काम बघायचं.

आम्हाला परवडायचं ते करंट कंटेंट्स. हातात मावणारी साप्ताहिक पुस्तिका, आत जगभरच्या मासिकांच्या अनुक्रमणिका. शनिवारी प्राध्यापक मंडळी येऊन पेन्सिलीनं खुणा करायची आणि लेखकांना रीप्रिंट, म्हणजे निबंधाची सुटी प्रत, मागणारी छापील कार्डं पाठवायची. महिना-दोन महिन्यांनी परदेशी पाकीट आलं की विभागात आनंदीआनंद. तिकिटं मी माझ्या मुलासाठी मागून घ्यायचो. त्या काळी इथल्या माणसाला आपला निबंध कोणी वाचला हे कळायचं ते असं कार्ड उलट आपल्याकडं आलं की. तुमच्या आत्यांनी अशी कार्डं जपून ठेवली असतील तर स्मरणिकेत एखाद्याचा फोटो टाका.

इम्पॅक्ट फॅक्टरही त्याच गारफिल्ड यांचा. मागच्या दोन वर्षांत एखाद्या मासिकानं जे लेख छापले, त्यांना या वर्षात किती उल्लेख मिळाले, भागिले त्या लेखांची संख्या. कोणतं मासिक निवडायचं यासाठी ते माप होतं, आम्हा ग्रंथपालांच्या उपयोगाचं. पुढं तोच मासिकाचा सरासरी आकडा त्यात छापून आलेल्या प्रत्येक निबंधाच्या, आणि निबंधावरून माणसाच्या, कपाळी चिकटवला गेला. मासिकातल्या थोड्याच निबंधांना ढिगानं उल्लेख मिळतात, बाकीच्यांना जेमतेम. सरासरी त्या थोड्यांच्या जिवावर. हे थांबवा म्हणून २०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत पेशीशास्त्रज्ञांच्या संमेलनात एक जाहीरनामा ठरला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, जगभरच्या संस्थांनी सह्या केल्या. बढतीच्या फॉर्मवरचा रकाना काही गेला नाही.

आता तुमचा ९१२. जास्त उल्लेख म्हणजे मोठा शोध, असं समीकरण मांडू नका. 'नेचर'नं २०१४ मध्ये सर्वाधिक उल्लेख झालेल्या १०० निबंधांची यादी केली. पहिल्या नंबरावर लॉरी यांचा १९५१ चा निबंध, तीन लाखांहून जास्त उल्लेख. काय आहे त्यात? द्रावणात प्रथिन किती आहे हे मोजायची रीत. खुद्द लॉरींना तो आपला थोर निबंध वाटत नव्हता. दुसरा लेम्ली यांचा १९७० चा. विषय टी-४ विषाणूचं डोकं कसं जुळतं हा, पण जग त्याचा उल्लेख करतं ते जेलवर प्रथिनं वेगळी करायच्या त्यातल्या कृतीसाठी. आणि वॉटसन-क्रिक यांचा १९५३ चा डीएनएचा निबंध पहिल्या शंभरात नाही! ज्या गोष्टी सगळ्यांना पाठ होतात, त्यांचा संदर्भ कोणी देत बसत नाही.

उलटं उदाहरणही देतो. कोलकात्याचे शंभुनाथ डे. पटकीचा जंतू विष सोडतो आणि त्या विषानं माणूस जातो, हे त्यांनी १९५९ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिलं. सुरुवातीला फारशी दखल कोणी घेतली नाही. १९८५ मध्ये ते गेले, तोवर देशातल्या एकाही विज्ञान अकादमीनं त्यांना फेलो केलं नव्हतं. १९८६ मध्ये गारफिल्ड यांनीच करंट कंटेंट्समध्ये त्यांच्यावर लेख लिहिला. तो अंक मी टेबलावर उघडा ठेवला होता आठवडाभर. किती जणांनी वाचला देव जाणे.

तर मास्तर, दोन कामं करा. एक, त्या पानावर ९१२ या आकड्यावरच क्लिक करा. ज्यांनी उल्लेख केला त्यांची यादी उघडेल. त्यातले काही निबंध उघडा आणि आत्यांचं नाव कुठं येतं ते बघा: प्रस्तावनेतल्या गर्दीत, कृतीच्या भागात, की निष्कर्षांच्या चर्चेत. कृतीच्या भागात असेल तर लोकांनी त्यांची रीत वापरली. चर्चेत असेल तर त्यांच्या म्हणण्याशी कोणी झुंजलं, किंवा त्यावर पुढं काही बांधलं. मानपत्राला लागणारा मजकूर तिथं मिळेल.

दोन, आत्यांच्या माहेरच्या नावानं शोधा. आपल्याकडं बाईचं लग्न झालं की आडनावासोबत मधलं नावही बदलतं, म्हणजे दोन्ही आद्याक्षरांचा घोळ. संगणकाला त्या दोन वेगळ्या बाया वाटतात. ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक २०१२ पासून आहे, नाव कितीही बदललं तरी तो एकच. तुमच्या आत्यांच्या उपयोगाला उशिरा आला. आणि पानावर दुसऱ्याच कोणाचे निबंध घुसलेत का तेही तपासा. पाटील, देशमुख, जाधवांच्या बाबतीत हमखास होतं.

पिपेट

ग्रंथपाल काका, सलाम! मी मूळ नागपूरचा, सध्या हैदराबादेत पोस्टडॉक. मास्तरांनी व्यक्तिगत निरोपात नाव दिलं म्हणून तो ९१२ वाला निबंध वाचला. रीतच आहे. पण कसली रीत आहे ते ऐका.

विदर्भाच्या काळ्या मातीतून जिवाणूंचा डीएनए काढणं म्हणजे डोक्याला ताप. या मातीतली चिकणमाती डीएनए धरून ठेवते, सोडतच नाही. जो सुटतो त्याच्यासोबत ह्युमिक आम्लं येतात, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून बनलेली. शेवटी अल्कोहोल घालून फिरवल्यावर ट्यूबच्या तळाशी पांढरा ठिपका दिसायला पाहिजे, तिथं कोऱ्या चहासारखा तपकिरी गाळ बसतो. तो पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवायला, लावला की काहीच येत नाही. ह्युमिक आम्लं त्यातल्या एन्झाइमलाच अडवतात. जेलवर लॅडर (मापासाठी शेजारी लावलेला तयार डीएनए) झकास आणि तुमच्या रांगा कोऱ्या. मी पीएचडीच्या पहिल्या वर्षी हे रोज पाहायचो.

आत्यांनी मातीच्या नमुन्यात साय काढलेल्या दुधाची पावडर घातली. दुधातली प्रथिनं चिकणमातीच्या कणांवर जाऊन बसतात, मग डीएनएला बसायला जागा उरत नाही, तो पाण्यात मोकळा राहतो. ह्युमिक आम्लं धरून ठेवायला पीव्हीपीपी नावाच्या पॉलिमरची भुकटी. दुधाची युक्ती इतरांनीही वापरली आहे, पण आत्यांनी काळ्या मातीसाठी प्रमाण किती, कोणत्या पायरीला, किती वेळ, हे इतकं नेमकं लिहिलं आहे की नवखा विद्यार्थीसुद्धा पहिल्या आठवड्यात डीएनए काढेल. तयार किट महाग, आणि त्या काळी इथं मिळवायचं म्हणजे आयातीची कटकट. उल्लेख करणाऱ्यांत सुदान, इथिओपिया, ऑस्ट्रेलिया दिसतात. जिथं अशी काळी माती, तिथं आत्या! याला मी तरी लहान काम म्हणणार नाही.

काकांशी एका बाबतीत मात्र पटत नाही. आकड्यांना शिव्या देणं ज्यांची ओळखपाळख आहे त्यांना परवडतं. मी तालुक्याच्या कॉलेजातून आलो. माझ्या गाईडचं नाव दिल्लीत कोणी ऐकलं नव्हतं. अर्ज चाळणाऱ्यानं माझा अर्ज बाजूला काढला तो माझ्या निबंधाला मिळालेले उल्लेख पाहून. त्या दिवशी मला गारफिल्डच्या पाया पडावंसं वाटलं.

विनाअनुदानित

अवांतर, पण राहवत नाही. आम्हा कॉलेजवाल्यांना उल्लेख कोण विचारतो? आमची बढती गुणांवर. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत निबंधाला गुण, मासिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर १० च्या वर गेला तर आणखी ३०. दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के, बाकी प्रत्येकाला ३०. मग निबंध लिहिण्याआधी नावांच्या क्रमावर चहापाण्याच्या बैठका. केअर नावाची मान्य मासिकांची यादी आली, तिच्यात बसणारं मासिक शोधता शोधता आमची उमेद गेली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यादीच बंद केली.

आणि ते 'जगातील दोन टक्के शास्त्रज्ञांत निवड' दरवर्षी पेपरात येतं ना, फोटोसकट? स्टॅनफर्डचे आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या निबंध-उल्लेखांच्या सूचीतल्या माहितीवरून ती यादी काढतात. बैठक नाही, मुलाखत नाही, कोणी कोणाला निवडत नाही, सगळं सूत्रानं निघतं. त्यातल्या त्यात बरं म्हणजे स्वतःच स्वतःचे दिलेले संदर्भ वगळून वेगळा क्रमांक देतात. पेपरवाले नेमका तोच छापत नाहीत.

आत्याबाईंना नमस्कार सांगा.

फुटाळा_काठ

सगळ्यांचे आभार. बरंच काही झालं.

माहेरच्या नावानं शोधलं. पीएचडीच्या काळातले काही निबंध सापडले, सगळ्यात जुना १९७९ चा, आणि त्यावर चक्क आमचं आडनाव! वडिलांना दाखवला. ते चष्मा काढून, पुसून, परत लावून बघत बसले. हे निबंध पानावर नव्हतेच. उलट पानावर हृदयाच्या झडपांच्या शस्त्रक्रियेवरचे काही निबंध होते, दुसऱ्याच कोण्या डॉक्टरांचे, आद्याक्षरं तीच. विद्यार्थ्याला सांगून ते काढायला लावले आणि जुने टाकले. आता एच-इंडेक्स १८. आतेभाऊ नाराज आहे. म्हणतो, एक नंबर कमी करायला कोणी सांगितलं होतं!

मग आत्याकडं गेलो. विचारलं, तुझा स्वतःचा आवडता निबंध कोणता? तिनं ९१२ वाल्याकडं पाहिलंही नाही. गोदरेजच्या कपाटातून एक पिवळी पडलेली प्रत काढली. कापसाच्या शेतातल्या मातीत सापडलेला एक जिवाणू एंडोसल्फान कसं खातो, त्यावरची. तिनं मला जे समजावलं ते मला समजलं तसं लिहितो. हे कीटकनाशक मातीत गेलं की जिवाणू त्याचं दोन तऱ्हेनं काहीतरी करतात. एका वाटेनं गेलं तर एंडोसल्फान सल्फेट होतं, जे तेवढंच विषारी आणि वर जास्त टिकणारं. दुसऱ्या वाटेनं गेलं तर डायॉल, ते पुष्कळ कमी विषारी. म्हणजे नुसतं 'जिवाणूनं औषध खाल्लं' म्हणून आनंद मानायचा नाही, कोणत्या वाटेनं खाल्लं ते बघायचं. तिचा जिवाणू दुसऱ्या वाटेचा होता. हे सांगताना ती खुर्चीतून उठून उभी राहिली होती.

या निबंधाला सायटेशन्स १४. मी विचारलं, इतके कमी का? म्हणाली, "फवारणारे लाखो होते रे, वाचणारे कमी होते."

ही ओळ मी मानपत्रात घेऊ शकतो का? की समोरच्यांना टोमणा वाटेल?

खडूस_गणिती

घ्या. टोमणा वाटला तर वाटू द्या.

निवृत्त_ग्रंथपाल

घ्याच. १४ चं कारण आणखी एक सांगतो. आपल्याकडची जुनी मासिकं कित्येक वर्षं संगणकावर आलीच नाहीत, आणि जे दिसत नाही त्याचा उल्लेख कोण करणार? शिवाय २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एंडोसल्फानवर बंदी घातली. शेतकऱ्याच्या, मजुराच्या दृष्टीनं चांगलंच झालं, पण त्यावर संशोधन करणारेही पांगले. उल्लेख म्हणजे त्या विषयाच्या मांडवात किती माणसं बसली होती त्याची गणती.

पिपेट, तुझं म्हणणं मान्य. आकडा दार उघडायला चालतो. पण मास्तरांच्या आत्यांना आता कोणतं दार उघडायचं आहे? समोर त्यांचीच माणसं बसणार.

मास्तर, मानपत्राला मी असं सुचवतो, तुमच्या भाषेत फिरवून घ्या: 'काळ्या मातीतून डीएनए काढण्याची आपण बसवलेली रीत विदर्भापासून सुदानपर्यंतच्या प्रयोगशाळांत वापरली गेली.' मग लगेच एंडोसल्फानचं, त्यांची ती ओळ घेऊन. 'जागतिक कीर्तीच्या' काढून टाका, सुदान म्हटल्यावर ते आलंच. आतेभावाच्या समाधानासाठी आकडे स्मरणिकेत निबंधांच्या यादीखाली बारीक अक्षरात, 'गूगल स्कॉलरनुसार' असं म्हणून तारखेसकट. स्कोपसवर बघाल तर आकडा कमी दिसेल, कारण गूगल स्कॉलर प्रबंध आणि इतर बरंच काही मोजतं. कोणी शहाणा तिथून उभा राहून विचारायला नको. आणि यादीत माहेरचं नाव आहे तसंच छापा, बदलू नका.

फुटाळा_काठ

ठरलं, असंच करतो. मजकूर गुरुवारी छापखान्यात द्यायचा आहे. एक शेवटचं: आत्याकडं त्या पहिल्या यशस्वी जेलचा पोलरॉइड फोटो निघाला, काळ्यावर पांढऱ्या रेघा. मुखपृष्ठावर चालेल का? छापखानेवाला विचारतो, सुलटी बाजू कोणती.

पिपेट

चालेल काय, धावेल! वर एका ओळीत लहान चौकोनी खाचा दिसतात ना, त्या वेल्स, त्या वरच्या बाजूला. कडेला शिडीसारख्या रेघांची रांग असेल, ती लॅडर. ती शक्यतो डावीकडं येते, पण आत्यांनी उजवीकडं भरली असू शकते, म्हणून आरसा करून छापू नका, त्यांनाच दाखवून घ्या. आणि छापखान्यात कोणी 'डाग स्वच्छ करून देतो' म्हणालं तर हात जोडा. ते डाग नाहीत, तोच डीएनए आहे.